वेदीसमोर उघडणारी खिडकी

रोज सकाळच्या मिस्सेला आपल्या चर्चमध्ये कोण येते, हे नव्याने सांगायला नको. पुढच्या बाकांवर त्याच त्या आजी, खांबाजवळ तेच ते पेन्शनर बाबा, हातात रोझरी, आणि गुडघे टेकता येत नाहीत म्हणून बसूनच केलेली प्रार्थना. तरुण पोरे यावरून थट्टा करतात. परीक्षा जवळ आली म्हणून म्हातारे अभ्यासाला लागले, अशी ती थट्टा असते. आमच्या तरुणपणी आम्हीही ती केलेली आहे. आज त्याच बाकांवर आम्ही बसतो, तेव्हा तिची परतफेड होते आहे असे समजून गप्प राहतो.

पण या थट्टेत एक प्रश्न आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. अंगात बळ असताना देवाला वेळ द्यायचा नाही आणि हातपाय चालेनासे झाले की त्याच्या दारी जाऊन बसायचे, ही भक्ती म्हणायची की भीती? जगाला नकोसा झालेला माणूस देवाच्या पदरात पडतो, एवढाच त्याचा अर्थ आहे काय? या प्रश्नाचे उत्तर उपदेशातून देण्यापेक्षा आम्ही आज एका माणसाचे आयुष्यच वाचकांपुढे ठेवतो. त्याच्याजवळ जगातले बहुतेक सगळे काही होते. ते त्याने वयाच्या ५६ व्या वर्षी आपल्या हाताने सोडले आणि एका मठाच्या भिंतीला लागून बांधलेल्या घरात तो राहायला गेला. तो म्हणजे सम्राट पाचवा चार्ल्स.

शाळेच्या इतिहासात हे नाव ओझरते येते आणि जाते. पण आपण वसईकरांना तो वाटतो तितका परका नाही. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, तेव्हा लिस्बनच्या गादीवर तिसरा जॉन हा राजा होता. या जॉनची बहीण इझाबेला ही चार्ल्सची राणी आणि चार्ल्सची धाकटी बहीण कॅथरिन ही जॉनची राणी. आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात तेच हे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांना हिंदुस्थानात पाठविले तेही याच जॉन राजाने. तेव्हा ज्या राजघराण्यांच्या कारभारात आपल्या भागातली जुनी चर्चेस उभी राहिली, त्यांच्याच घरातली ही गोष्ट आहे.

चार्ल्सचा जन्म २४ फेब्रुवारी १५०० रोजी आजच्या बेल्जियममधील गेंट या शहरात झाला. तो सहा वर्षांचा असताना वडील वारले. आई जुआना ही स्पेनची राणी, पण तिचे मन ठिकाणावर नाही असे ठरवून १५०९ पासून तिला तोर्देसियास येथील वाड्यात ठेवले गेले आणि ४६ वर्षांनी, १५५५ मध्ये ती तेथेच मरण पावली. आधी तिच्या बापाने तिला तेथे ठेवले आणि पुढे मुलाने तेच चालू ठेवले. ती सुटली असती तर स्पेनचे खरे राज्य तिचे होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. चार्ल्सच्या मनावर जी ओझी होती त्यांत हेही एक असणार, असे आम्हांला वाटते.

मुलाला वाढविले ते आत्या मार्गारेटने. त्याला शिकवायला उत्रेख्तचे एड्रियन नावाचे विद्वान धर्मगुरू होते, जे पुढे १५२२ मध्ये सहावे एड्रियन या नावाने पोप झाले. त्यामुळे बालपणी धर्म कानावर पडला नाही अशी सबब चार्ल्सला नव्हती. तो रोज मिस्सा ऐकणारा माणूस होता, तरुणपणीही आणि रणांगणावरही.

बाकीची चढती कमान आम्ही थोडक्यात सांगतो. सोळाव्या वर्षी तो स्पेनचा राजा झाला, एकोणिसाव्या वर्षी जर्मनीतील पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट म्हणून निवडला गेला. नेदरलँड्स, नेपल्स, सिसिली आणि अटलांटिकपलीकडचा मेक्सिको व पेरू एवढा पसारा त्याच्या एकट्याच्या नावावर आला. १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत मार्टिन ल्यूथर त्याच्यासमोर उभे राहिले तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. १५२५ मध्ये त्याच्या सैन्याने पाविया येथे फ्रान्सच्या राजाला कैद केले, तेही नेमके त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी.

त्यानंतर दोनच वर्षांनी जे घडले ते मात्र कोणाही कॅथलिक माणसाला वाचताना खाली मान घालायला लावणारे आहे. पगार थकलेले त्याचे सैन्य ६ मे १५२७ रोजी रोम शहरावर तुटून पडले. चर्चेस लुटली गेली, माणसे कापली गेली आणि पोप सातवे क्लेमेंट यांना किल्ल्यात आश्रय घेऊन कैद्यासारखे राहावे लागले. चार्ल्स त्या वेळी स्पेनमध्ये होता. त्याने हुकूम दिला नव्हता, पण सैन्य त्याचे होते आणि थकलेला पगारही त्यानेच थकविला होता. १५३० मध्ये बोलोन्या येथे याच पोप महोदयांनी त्याच्या मस्तकावर सम्राटपदाचा मुकुट ठेवला. राजकारणात सगळे मिटते. माणसाच्या मनात किती मिटते ते सांगता येत नाही.

मेक्सिको-पेरूमधल्या मूळ रहिवाशांवर होणाऱ्या जुलमांविषयी बार्तोलोमे दे लास कासास हे डोमिनिकन संघाचे धर्मगुरू दरबारात वारंवार गाऱ्हाणी मांडीत. १५४२ मध्ये चार्ल्सने त्या लोकांच्या रक्षणासाठी नवे कायदे काढले. तेथील जमीनदारांनी बंड केले तेव्हा तीन वर्षांत त्यांतील महत्त्वाचा भाग मागेही घेतला. पुन्हा १५५० मध्ये, नवे मुलूख जिंकणे न्याय्य आहे की नाही यावर विद्वानांचा वादविवाद व्हावा आणि तोवर मोहिमा थांबवाव्यात, असा हुकूम त्याने दिला. एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे, असे या माणसाच्या सदसद्विवेकाचे चालणे होते. आपलेही फारसे वेगळे नसते.

आता इझाबेलाविषयी. हे लग्न १५२६ मध्ये सेव्हिल येथे झाले. राजाराण्यांची लग्ने नकाशावर ठरत, हेही तसेच ठरले होते. पण लग्नानंतर दोघे ग्रॅनडाच्या अल्हांब्रा राजवाड्यात राहिली आणि त्या महिन्यांत सम्राट आपल्या बायकोच्या खरोखर प्रेमात पडला, यावर सर्व चरित्रकारांचे एकमत आहे. पुढे तो वर्षानुवर्षे मोहिमांवर असे आणि स्पेनचा कारभार ती पाहत असे. १ मे १५३९ रोजी तोलेदो येथे बाळंतपणात ती वारली, मूलही गेले. ती ३५ वर्षांची होती. चार्ल्स एका मठात जाऊन काही आठवडे एकांतात राहिला. त्याने पुन्हा लग्न केले नाही आणि मरेपर्यंत काळे कपडे घातले. तिचे चित्र हयातीत पुरेसे चांगले काढून घेतले नव्हते, म्हणून तिच्या मृत्यूनंतर त्याने तिशियन या चित्रकाराकडून जुन्या चित्रावरून नवे काढवून घेतले.

राणीचे शव तोलेदोहून ग्रॅनडाला नेण्याचे काम फ्रान्सिस बोर्जिया या २८ वर्षांच्या सरदाराकडे होते. दफनाआधी शवपेटी उघडून हेच राणीचे शव आहे अशी साक्ष द्यायची होती. मे महिन्यातला तो लांबचा प्रवास. पेटी उघडली तेव्हा जो चेहरा दिसला तो ओळखू येण्याजोगा नव्हता. बोर्जियाच्या मनावर त्या दृश्याचा जो घाव बसला तो कधी भरला नाही. त्याला बायको होती, आठ मुले होती, पुढे ड्यूकपद आले. पण १५४६ मध्ये पत्नी वारल्यानंतर मुलांची व्यवस्था लावून तो येशूसंघात दाखल झाला आणि १५६५ मध्ये त्या संघाचा तिसरा प्रमुख झाला. आज आपण त्यांना सेंट फ्रान्सिस बोर्जिया म्हणतो.

एकाच मृत्यूचा घाव दोघांवर झाला. अठ्ठावीस वर्षांच्या सरदाराची वाट त्या दिवसापासून वळत गेली. एकोणचाळीस वर्षांच्या सम्राटाला मात्र आणखी सतरा वर्षे लागली. १५४२ मध्ये दोघांची मोन्सोन येथे भेट झाली तेव्हा, वेळ आली की आपण सर्व सोडून एकांतात जाणार आहोत, हे चार्ल्सने बोर्जियाला विश्वासात घेऊन सांगितले होते. म्हणजे इच्छा होती. पण फ्रान्सशी लढाई होती, तुर्कांचे आरमार होते, जर्मनीतले प्रोटेस्टंट राजे होते. आपण नाही का म्हणत, मुलीचे लग्न होऊ दे, घराचे कर्ज फिटू दे, मग रोज मिस्सेला जाईन. सम्राटाची कर्जे थोडी मोठी होती इतकेच.

यांपैकी एकही काम शेवटाला गेले नाही. १५४७ मध्ये म्यूलबर्गला त्याने जर्मन राजांचा पराभव केला आणि तिशियनने भाला घेतलेला घोड्यावरचा सम्राट रंगविला. त्या चित्रात दिसत नाही ती गोष्ट म्हणजे संधिवात. पायांच्या आणि हातांच्या सांध्यांत गाठी, दात बहुतेक पडलेले, बाहेर आलेला खालचा जबडा, त्यामुळे अन्न नीट चावता येत नसे. १५५२ मध्ये त्याचाच एक साथीदार सॅक्सनीचा मॉरिस उलटला आणि सम्राटाला इन्सब्रुकहून रात्री पावसात पालखीत पडून आल्प्स ओलांडत पळावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस मेट्झचा वेढा फसला. ज्या धर्मैक्यासाठी आयुष्यभर झगडला त्या जर्मनीत १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहाने दोन पंथांना मान्यता मिळाली. ती सही आपल्या हातून होऊ नये म्हणून त्याने सर्व भार भाऊ फर्डिनांड याच्यावर टाकला.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला ब्रसेल्सच्या राजवाड्यात त्याने सर्व सरदारांना बोलाविले. एका हातात काठी, दुसरा हात विल्यम ऑफ ऑरेंज या तरुण सरदाराच्या खांद्यावर, असा तो आत आला. चष्मा लावून आपल्या टिपणावरून त्याने हिशेब वाचला. जर्मनीला नऊ वेळा, स्पेनला सहा वेळा, इटलीला सात वेळा, नेदरलँड्सला दहा वेळा, फ्रान्सला चार वेळा, इंग्लंड आणि आफ्रिकेला प्रत्येकी दोन वेळा असे प्रवास झाले होते. आपल्या हातून चुका झाल्या हे त्याने कबूल केले, कोणावर अन्याय झाला असेल तर क्षमा मागितली, आणि सभेतल्या माणसांबरोबर तोही रडला. नेदरलँड्स त्या दिवशी मुलगा फिलिप याला दिले, काही आठवड्यांनी स्पेनही दिले. पुढच्या वसंतात फ्रान्सचा वकील तहाचे पत्र घेऊन आला तेव्हा सम्राटाच्या सुजलेल्या बोटांना त्या पत्राची लाख फोडता येईना.

सप्टेंबर १५५६ मध्ये तो जहाजाने स्पेनला निघाला. सोबत दोन विधवा बहिणी होत्या, एलिओनोर आणि मेरी. मठ होता एक्स्त्रेमादुरा प्रांतातल्या डोंगरात, युस्ते नावाच्या जागी. सेंट जेरोम यांना मानणाऱ्या हिरोनिमाइट व्रतस्थांचा तो मठ. घाट चढताना गावकऱ्यांनी सम्राटाला खुर्चीत बसवून उचलून नेले. यापुढे मरणाचा एकच घाट ओलांडायचा राहिला, अशा अर्थाचे काहीतरी तो तेव्हा बोलला म्हणतात. घराचे काम पुरे व्हायला वेळ होता, म्हणून तो जवळच्या हारांदियाच्या गढीत तीन महिने थांबला. तेथे काळा झगा घातलेले फादर बोर्जिया त्याला भेटायला आले. ३ फेब्रुवारी १५५७ रोजी चार्ल्स युस्तेला पोचला. त्याच सुमारास, वर्षभर मागे किंवा पुढे, इकडे आपल्या वसईत सेंट गोन्सालो गार्सिया जन्माला आले होते.

घर मठाच्या चर्चला लागून, खाली चार खोल्या आणि वर चार. निजायच्या खोलीतून थेट चर्चमध्ये उघडणारी एक मोठी खिडकी ठेवली होती. पलंगावरून मुख्य वेदी दिसत असे. अंगात उठायचे त्राण नसले तरी मिस्सा चुकू नये यासाठी ती सोय होती. घरात तिशियनचे एक भव्य चित्र होते. त्यात पवित्र त्रैक्यासमोर असंख्य माणसे हात जोडून उभी आहेत आणि त्यांत चार्ल्स व इझाबेला दोघे कफन पांघरून, मुकुटाशिवाय, गुडघे टेकून आहेत.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की आता एक संत दिसणार. तसे झाले नाही, आणि म्हणूनच आम्हांला हा माणूस जवळचा वाटतो. सम्राट मठवासी झाला नव्हता. त्याने व्रते घेतली नाहीत. त्याच्या दिमतीला सुमारे पन्नास माणसे होती. खाण्यावर ताबा म्हणाल तर मुळीच नव्हता. बिअर करणारा माणूस थेट फ्लँडर्सहून आणलेला. व्हायादोलिदहून लिस्बनला जाणारा टपालवाला वाट वाकडी करून दर आठवड्याला येई, कारण शुक्रवारसाठी मासे हवे असत. खारवलेले मासे, वाम, कालवे, तित्तर, सॉसेजेस, सगळे चाले. संधिवाताला हे विष आहे म्हणून वैद्य मॅथिस आणि घराचा कारभारी लुईस दे किहादा कपाळाला हात लावून बसत. कम्युनियनपूर्वी उपाशी राहण्याच्या नियमातूनही पोप तिसरे जूलियस यांच्याकडून त्याने पूर्वीच सूट मिळविली होती. एकदा मठवासीयांच्या पंगतीला जेवायला बसला, पण त्यांचे जेवण संपायच्या आतच उठून गेला. म्हातारपण आले म्हणजे जीभ संन्यास घेते असे नाही, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

गाण्याचा कान मात्र फार तयार. त्याच्यासाठी इतर मठांतून चांगले गाणारे व्रतस्थ युस्तेला आणले होते. खिडकीशी बसून तो ऐके आणि कोणी सुरात चुकला तर त्याचे नाव घेऊन शिवी हासडी. मिस्सेच्या वेळी! बाहेरचा एक गवई त्यांच्यात येऊन गाऊ लागला तेव्हा त्याने माणूस पाठवून त्याला बाहेर काढले. आपल्या गायकवृंदाने सम्राट पुढच्या बाकावर नाही याबद्दल देवाचे आभार मानावेत.

घड्याळांचा नाद होता. हुआनेलो तुरियानो हा इटालियन कारागीर त्यासाठीच जवळ ठेवलेला. शेजारच्या क्वाकोस गावचे लोक सम्राटाची भीड ठेवीत नसत. त्यांनी त्याची गाय कोंडवाड्यात घातली आणि त्याच्यासाठी राखलेले ओढ्यातले मासे पकडून नेले. राजकारणही सुटले नव्हते. मुलाची पत्रे येत, पैशांची मागणी येई. १५५७ मध्ये सेव्हिलच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकेहून आलेली चांदी मालकांच्या हाती जाऊ दिली तेव्हा संतापाने त्याने त्यांना बेड्या घालायला सांगितले. पोर्तुगालचा जॉन राजा त्याच वर्षी वारला आणि गादीवर तीन वर्षांचा नातू आला, तेव्हा वारशाची बोलणी करायला त्याने गुपचूप फादर बोर्जिया यांनाच पाठविले.

मग बदलले काय? चरित्रे वाचताना आम्ही हा प्रश्न मनात ठेवून वाचत गेलो. बदलली ती दिवसाची बांधणी. आईसाठी, वडिलांसाठी, इझाबेलासाठी मिस्सा होऊ लागल्या. ज्या आईला त्याने आयुष्यभर बंद दारामागे ठेवले तिचे नाव आता रोज वेदीवर घेतले जात होते. दुपारी प्रवचन नाहीतर सेंट ऑगस्टिन यांच्या लिखाणाचे वाचन. प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी तो व्रतस्थांबरोबर बसून स्वतःला चाबकाने मारून घेई, त्या गाठी आलेल्या हातांनी. भीती होती काय? होती. ज्याच्या नावाने इतकी माणसे मेली त्याला न्यायाची भीती वाटू नये, हेच उलट काळजीचे झाले असते. पण भीती असलेला माणूस वेदीकडे पाठ करून पळतो किंवा तिच्याकडे तोंड करून निजतो. त्याने पलंग वळवून घेतला.

एक गोष्ट आम्ही लपविणार नाही. १५५८ च्या वसंतात व्हायादोलिदमध्ये प्रोटेस्टंट मताचे गट सापडले. त्यांत आगुस्तिन काथाया हा एकेकाळचा त्याचाच धर्मोपदेशक होता. चार्ल्सने मुलगी हुआना हिला युस्तेहून पत्रामागून पत्रे लिहिली की दया दाखवू नका. मृत्यूच्या बारा दिवस आधी मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीतही त्याने फिलिपला तेच बजावले. पुढच्या वर्षी त्या शहरात माणसे जाळली गेली. प्रार्थनेत दिवस घालविणाऱ्या, स्वतःसाठी क्षमा मागणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातून हे झाले. धर्माच्या नावाने झालेल्या अशा जबरदस्तीबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी सेंट पीटर्समध्ये देवाकडे जाहीर क्षमा मागितली. म्हातारपणची श्रद्धा मऊच असते असे नाही. घरात सुनेला, नातवाला ती काठीसारखी लागते तेव्हा आपण तिला श्रद्धाच म्हणत राहतो.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक घटना घडली. विधुर झाल्यावर चार्ल्सला १५४७ मध्ये जर्मनीत एका स्त्रीपासून एक मुलगा झाला होता. हेरोमिन नावाने तो गुपचूप वाढविला गेला आणि शेवटी किहादाच्या पत्नीने, डोन्या मागदालेना यांनी, त्याला आईच्या मायेने सांभाळले. १५५८ मध्ये त्या दोघांना क्वाकोसला आणले. अकरा वर्षांचा तो मुलगा युस्तेला जाई. म्हाताऱ्या सम्राटाने त्याला पाहिले. आपण कोणापुढे उभे आहोत हे मुलाला ठाऊक नव्हते. चार्ल्सने त्याला जवळ घेऊन सांगितले नाही. एका मोहोरबंद कागदात मात्र हा आपला मुलगा असल्याची कबुली त्याने लिहून ठेवली होती आणि फिलिपने ती पाळली. हाच मुलगा पुढे डॉन हुआन म्हणून ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या लढाईत ख्रिस्ती आरमाराचा प्रमुख होता. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी रोझरीमातेचा सण करतो. सण करताना या पोराची आठवण कोणाला नसते.

फेब्रुवारीत बहीण एलिओनोर वारली होती. आपली पाळी जवळ आली हे चार्ल्सला कळले होते. ऑगस्टच्या अखेरीस त्याने जिवंतपणीच आपल्यासाठी अंत्यविधीची मिस्सा करवून घेतली आणि हातात मेणबत्ती धरून तो तिला हजर राहिला, असे मठातल्या व्रतस्थांनी लिहून ठेवले आहे. त्या दिवसांच्या घरच्या पत्रांत तिचा उल्लेख नाही, त्यामुळे इतिहासकारांत वाद आहे. त्यानंतर लगेच घराच्या सज्जात उन्हात बसला असताना त्याला हुडहुडी भरली. ताप चढत-उतरत राहिला. मठाजवळच्या तळ्यावर डास होते. एस्कोरियालमध्ये जपून ठेवलेल्या त्याच्या बोटाच्या एका टोकाची अलीकडे डॉक्टरांनी तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात संधिवाताचे स्फटिक सापडले, आणि २००७ मध्ये मलेरियाचे जंतूही.

तीन आठवडे हे चालले. त्याने पापनिवेदन केले. रुग्णाभ्यंगाचा संस्कार घेतला. त्यानंतर पुन्हा कम्युनियन मागितले. अभ्यंग झाल्यावर त्याची गरज नाही असे सांगितले गेले, तरी इतक्या लांबच्या प्रवासाला ते बरोबर असलेले बरे, अशा भावनेने त्याने आग्रह धरला. २० सप्टेंबरला तोलेदोचे आर्चबिशप कार्रान्सा पोचले. ख्रिस्ताच्या दुःखसहनामुळे आता भिण्याचे कारण नाही, अशा शब्दांत त्यांनी मरणाऱ्याला धीर दिला. काही व्रतस्थांच्या कानांना ते बोलणे प्रोटेस्टंट वाटले, आणि पुढच्या वर्षी इन्क्विझिशनने आर्चबिशपना पकडले तेव्हा हे शब्दही त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. मध्यरात्रीनंतर चार्ल्सने एक पेटी उघडायला सांगितली. तीत इझाबेलाने मरताना हातात धरलेला क्रूस होता. एकोणीस वर्षे त्याने तो याच वेळेसाठी ठेवला होता. बोटे वळत नव्हती, म्हणून आर्चबिशप आणि किहादा यांनी मदत केली. २१ सप्टेंबर १५५८ रोजी पहाटे दोनच्या सुमारास येशूचे नाव मोठ्याने घेऊन तो गेला. वय ५८. आपल्याकडे राज्य सरकारच्या नोकरीतून माणसे ज्या वयात पेन्शनीत निघतात, ते वय.

आपल्याला कसे पुरावे हेही त्याने लिहून ठेवले होते. मुख्य वेदीखाली असे, की शरीराचा अर्धा भाग वेदीच्या खाली आणि अर्धा पुढे यावा, म्हणजे मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूंचे पाय सम्राटाच्या छातीवर आणि डोक्यावर पडावेत. १५७४ मध्ये फिलिपने ते अवशेष काढून एस्कोरियालच्या भव्य मठात नेले. १५९८ मध्ये फिलिप स्वतः तेथे मरण पावला तेव्हा त्याच्या हातातही आईबापांचा तोच क्रूस होता.

युस्तेचे घर अजून आहे. नेपोलियनच्या युद्धात जळालेला मठ विसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला आणि २००९ पासून पोलंडमधून आलेले पॉलाइन व्रतस्थ तेथे राहतात. वेदीखालच्या तळघरात चेस्टनटच्या लाकडाची एक साधी रिकामी पेटी ठेवली आहे. सम्राटाचे शव आधी तीत होते. वरच्या खोलीत काळ्या पडद्यांचा पलंग मांडून ठेवला आहे आणि त्या पलंगावरून वेदी आजही दिसते.